गणिताच्या पदवीचे मोल : औरंगाबाद व मराठवाडा यांच्या संदर्भात

उच्च शिक्षणाच्या इतिहासात पदवीच्या प्रतिष्ठेविषयी पुष्कळ लिहिले जाते. तिला पडलेल्या खर्चाविषयी आणि तिच्यापासून झालेल्या प्राप्तीविषयी मात्र क्वचितच. चरित्रकार आपल्या नायकाच्या विद्यार्थिदशेतील दारिद्र्याचे वर्णन करतात खरे, पण ते त्याच्या निग्रहाची साक्ष म्हणून. जमाखर्चाच्या दृष्टीने त्याकडे पाहण्याची आपल्याकडे प्रथा नाही. गणिताच्या बाबतीत हा अभाव विशेष जाणवतो. कायद्याची पदवी घेणारा वकील होतो, वैद्यकाची घेणारा डॉक्टर होतो. गणिताची पदवी घेणारा कोण होतो, या प्रश्नाला महाराष्ट्रात गेल्या दीडशे वर्षांत तसे सरळ उत्तर केव्हाही मिळालेले नाही. मराठवाड्यात तर या प्रश्नाला भाषेचा, चलनाचा आणि राज्यसत्तेचा असे आणखी तीन पदर होते. म्हणूनच औरंगाबादचे, म्हणजे २०२३ पासूनच्या छत्रपती संभाजीनगरचे, उदाहरण पुण्या-मुंबईच्या उदाहरणाहून वेगळे तपासावे लागते.

तथापि तुलनेसाठी प्रथम पुण्या-मुंबईकडे पाहणे अवश्य आहे. एल्फिन्स्टन संस्थेत गणित व पदार्थविज्ञान या विषयांच्या प्राध्यापकपदापर्यंत पोहोचलेले पहिले भारतीय दादाभाई नौरोजी. १८५५ साली ते कामा यांच्या पेढीचे भागीदार म्हणून लंडनला गेले आणि अध्यापनाशी त्यांचा संबंध जवळजवळ संपला. गणिताच्या सर्वोच्च देशी पदाची ओढ व्यापाराच्या ओढीपुढे टिकली नाही, असा याचा अर्थ करणे कदाचित दादाभाईंना अन्यायकारक होईल. परंतु ज्या काळी ते पद इतके दुर्मिळ होते त्या काळीही ते सोडण्याजोगे वाटले, एवढे निश्चित. याउलट केरो लक्ष्मण छत्रे यांच्यापाशी विद्यापीठाची पदवीच नव्हती. मुंबई विद्यापीठ १८५७ साली निघाले, आणि त्यापूर्वीच छत्रे कुलाब्याच्या वेधशाळेत काम करून गणित व ज्योतिष आत्मसात करून बसले होते. पुढे पुण्यास त्यांच्या हाताखाली जे पदवीधर तयार झाले त्यांत बाळ गंगाधर टिळक हे एक. टिळकांनी १८७७ मध्ये गणित घेऊन पहिल्या वर्गात बी. ए. केले आणि नंतर वळले ते कायद्याकडे. गुरूला पदवीवाचून गणिताने पोसले. शिष्याला गणिताची पदवी मिळूनही चरितार्थाची वाट दुसऱ्या विषयात शोधावीशी वाटली. पदवी आणि विद्या यांचा बाजारभाव एकच नसतो, हे या एका गुरुशिष्यांच्या जोडीवरून कळते.

१८८४ साली डेक्कन एज्युकेशन सोसायटी आणि १८८५ साली फर्ग्युसन महाविद्यालय स्थापन झाल्यावर गणिताच्या पदवीधरास एक निश्चित स्थान मिळाले. त्या स्थानाचा पगार मात्र ठरवून अल्प ठेवलेला होता. आजीव सभासदाने २० वर्षे सेवा करावी आणि महिना ७५ रुपयांवर भागवावे, हा तेथील व्रताचा साचा. गोपाळ कृष्ण गोखले यांनी या वेतनावर आपली मुदत पुरी केली. त्यांच्या अंकगणिताच्या पाठ्यपुस्तकाने शाळांत दीर्घकाळ मान मिळविला. टिळक १८९० मध्ये संस्थेतून बाहेर पडल्यावर गणिताची जी जागा रिकामी झाली तिच्यावर धोंडो केशव कर्वे यांना बोलावण्यात आले. कर्व्यांच्या बाबतीत खर्चाची बाजू फार स्पष्ट दिसते. सहाव्या इयत्तेच्या परीक्षेसाठी मुरुडहून साताऱ्यापर्यंत शंभराहून अधिक मैल पायी जायचे आणि वय लहान दिसते म्हणून परीक्षेस बसू न देता परत पाठविले जायचे, येथपासून त्यांच्या शिक्षणाचा आरंभ आहे. १८८४ मध्ये एल्फिन्स्टनमधून गणितात बी. ए. झाल्यावर मुंबईत मुलींच्या शाळा आणि खाजगी शिकवण्या यांवर त्यांनी गुजराण केली. १८९१ ते १९१४ या काळातील फर्ग्युसनच्या पगारातून त्यांचा संसार तर चाललाच, शिवाय हिंगण्याच्या आश्रमाला लागणारे बळही त्याच नोकरीच्या आधारावर उभे राहिले. गणिताच्या पदवीची सामाजिक प्राप्ती मोजायची झाल्यास ही नोंद सर्वांत वर यावी. ती पदवीधराच्या खात्यावर मात्र जमा झालेली नाही.

कर्व्यांच्याच आश्रयाने शिकलेले रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे हे या परंपरेचे टोक होय. सरकारी शिष्यवृत्तीवर केंब्रिजला जाऊन १८९९ मध्ये ते बर्टविसल यांच्यासह संयुक्तपणे सीनियर रँग्लर झाले. त्या काळी हा मान इंग्लंडातही न्यायासन, धर्मपीठ व प्रशासन यांच्या पायऱ्यांकडे नेत असे. परांजपे परतले ते फर्ग्युसनमधील व्रतस्थ वेतनाकडे. येथे एक गोष्ट नजरेआड होऊ नये. १८९६ नंतर सरकारी शिक्षणखात्याची जी पुनर्रचना झाली तीत वरची श्रेणी बहुतांशी इंग्रजांसाठी आणि प्रांतिक श्रेणी हिंदी माणसांसाठी अशी विभागणी झाली होती. अशा वेळी देशी संस्थेत अल्प वेतनावर काम करण्यात त्याग होताच. पण सरकारी नोकरीत जो मान डावलला जाण्याचा संभव होता तो येथे अबाधित राही, हाही हिशेब त्यात होता. त्यागाच्या कथा सांगताना ही दुसरी बाजू बहुधा गळते. केंब्रिजमधील क्रमवारी जाहीर करण्याची पद्धत १९०९ नंतर बंद झाली, तरी महाराष्ट्रात ‘रँग्लर’ ही उपाधी नावाच्या आधी लावण्याची रीत पुढे कितीतरी वर्षे चालू राहिली. मानाचे चलन पगाराच्या चलनापेक्षा उशिरा बंद होते, असे म्हणावयास हरकत नाही.

आता मराठवाड्याकडे वळू. निजामाच्या राज्यातील या मराठी प्रदेशात १९२३ साली औरंगाबाद येथे उस्मानिया विद्यापीठाचे इंटरमीजिएट महाविद्यालय निघाले. १९१७ च्या फर्मानाने स्थापन झालेल्या त्या विद्यापीठाचे वैशिष्ट्य असे की, गणित, विज्ञान, कायदा असे सर्व विषय उर्दूत शिकविले जात आणि इंग्रजी ही केवळ एक सक्तीची भाषा असे. त्यासाठी हैदराबादेत भाषांतराचे स्वतंत्र कार्यालय उघडण्यात आले होते. औरंगाबाद या उद्योगाच्या परिघावर नव्हते. अंजुमन तरक्की-ए-उर्दू या संस्थेचे ठाणे बराच काळ येथेच होते आणि तिचे सूत्रधार मौलवी अब्दुल हक यांनी येथील महाविद्यालयाचे प्राचार्यपदही भूषविले. देशी भाषेतून उच्च गणित शिकविण्याचा हा प्रयत्न हिंदुस्थानात अपूर्व होता, आणि त्याची गुणवत्ताही कमी लेखता येत नाही. उस्मानियातून बी. ए. झालेले मोहम्मद रझीउद्दीन सिद्दीकी केंब्रिजला व तेथून लाइप्झिगला हायझेनबर्गच्या हाताखाली गेले आणि परत येऊन उस्मानियात गणित शिकवू लागले. उर्दूतून शिकलेले गणित जगात चालते, याचा याहून निराळा पुरावा नको.

परंतु ज्याची भाषा उर्दू नाही अशा मराठी विद्यार्थ्यास या पदवीची किंमत दुप्पट पडे. गावच्या शाळेत ज्याला तो त्रिकोण म्हणत असे तो येथे ‘मुसल्लस’ होई, बीजगणिताचे ‘जब्र व मुकाबला’ होई आणि कलनशास्त्र ‘एहसा’ या नावाने पुढे येई. संज्ञा बदलल्याने सिद्धांत बदलत नाही, हे खरे. पण सोळा-सतरा वर्षांच्या मुलाला सिद्धांत आणि संज्ञा ही दोन्ही एकाच वेळी शिकावी लागली तर त्यातले एक मागे पडते. औरंगाबादेत शिक्षण इंटरपर्यंतच. पुढील दोन वर्षांसाठी मनमाड-काचीगुडा या मीटरमापी मार्गाने हैदराबाद गाठावे लागे. पदवी पदरी पडल्यावर निजामी राज्याच्या नोकरीत तिला मान होता आणि मुल्की नियमांमुळे स्थानिकांस प्राधान्यही होते. राज्याच्या सीमेबाहेर, मराठी बोलणाऱ्या मुलखातच, उर्दूतून शिकलेल्या गणिताच्या शिक्षकाला शाळा कशी मिळावी, हा प्रश्न मात्र उरे.

दुसरा मार्ग मनमाडवरून पुण्या-मुंबईस जाण्याचा. येथे चलनाची अडचण आडवी येई. हैदराबाद राज्यात हाली सिक्का चाले. त्याचा कलदाराशी विनिमयदर ढोबळमानाने ७ हाली रुपयांस ६ कलदार असा होता. म्हणजे पुण्यातील खानावळ, खोली व फी यांना दरमहा २५ कलदार लागत असतील असे धरले, तर जिल्ह्यातील पाटील किंवा शिक्षक असलेल्या पित्यास त्यासाठी हाली २९ रुपये २ आणे ८ पै मोजावे लागत. शिक्षणात कोणताही फरक न होता, केवळ सरहद्द ओलांडल्याबद्दल द्यावा लागणारा हा सहावा हिस्सा होय. पुण्याच्या विद्यार्थ्याच्या गरिबीच्या कथांत असा भार नाही. मराठवाड्यातून जे थोडे बाहेर गेले ते बहुधा व्यापारी, सावकार किंवा मोठे जमीनदार यांच्या घरचे होते, याचे एक कारण या दरात दडलेले आहे.

असा बाहेर गेलेला सर्वांत उल्लेखनीय गणिताचा विद्यार्थी म्हणजे गोविंदभाई श्रॉफ. १९११ साली जन्मलेल्या गोविंदभाईंचे शालेय शिक्षण औरंगाबादेत झाले आणि कलकत्ता विद्यापीठातून त्यांनी गणितात एम. एस्सी. व त्याबरोबर कायद्याची पदवी मिळविली. एवढी पूंजी घेऊन ते परतले आणि औरंगाबादच्या सरकारी विद्यालयात शिक्षक झाले. शुद्ध जमाखर्चाने पाहता ही गुंतवणूक येथेच बुडीत ठरते; कलकत्त्यापर्यंतचा खर्च करून मिळालेली नोकरी गावातल्या शाळेची. ही नोकरीही त्यांनी ठेवली नाही. १९३८ साली हैदराबाद राज्यात चळवळीचे वारे सुरू झाले तेव्हा ते त्यात पडले आणि पुढील दहा वर्षे स्वामी रामानंद तीर्थ यांच्या बरोबरीने मुक्तिलढ्याचे नेतृत्व करण्यात गेली. त्याच वर्षी औरंगाबादच्या महाविद्यालयाच्या वसतिगृहात ‘वंदे मातरम्’ म्हणण्यावरून संघर्ष पेटला, तो हैदराबादपर्यंत पसरला आणि कित्येक विद्यार्थ्यांना विद्यापीठातून काढून टाकण्यात आले. त्यांना नागपूर विद्यापीठाने सामावून घेतले ही गोष्ट प्रसिद्धच आहे. तिची आर्थिक बाजू तेवढी प्रसिद्ध नाही. विद्यार्थ्याला उर्दूतून इंग्रजीत, हालीतून कलदारात आणि एका अभ्यासक्रमातून दुसऱ्यात जावे लागले. म्हणजे अर्धवट राहिलेल्या पदवीचा झालेला खर्च पुष्कळ अंशी वाया जाऊन नवा खर्च सुरू झाला.

१७ सप्टेंबर १९४८ नंतर स्थिती पालटली. उस्मानियाचे माध्यम लवकरच इंग्रजी झाले. याने मराठी विद्यार्थ्याची एक अडचण दूर झाली आणि दुसरी उभी राहिली. ज्यांनी इंटरपर्यंत उर्दूतून गणित घोकले होते त्यांना आता सर्व संज्ञा पुन्हा नव्याने शिकाव्या लागल्या. एका पिढीने एकाच विषयासाठी तीन परिभाषा शिकाव्यात, असे उदाहरण अन्यत्र विरळाच.

याच संधिकाळात, जून १९५० मध्ये, डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने औरंगाबादेत महाविद्यालय काढले. १ सप्टेंबर १९५१ रोजी राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते त्याच्या इमारतीची कोनशिला बसविण्यात आली आणि १९५५ पासून ते मिलिंद महाविद्यालय या नावाने ओळखले जाऊ लागले. कला व विज्ञान या दोन्ही शाखा तेथे आरंभापासून होत्या. कला शाखा १९६३ मध्ये वेगळी झाली. पदवीच्या मोलाच्या दृष्टीने या संस्थेमागील विचार फार महत्त्वाचा आहे. १९४२ साली व्हाइसरॉयांस सादर केलेल्या निवेदनात आंबेडकरांनी स्पष्ट मांडले होते की, कला व कायदा यांच्या शिक्षणाने अस्पृश्यवर्गाचे फारसे भागणार नाही. विज्ञान व तंत्रविद्या यांचे उच्च शिक्षण त्यांना मिळाले पाहिजे आणि हे शिक्षण सरकारी साहाय्यावाचून त्यांच्या आवाक्याबाहेर आहे. त्यातूनच १९४४ साली अनुसूचित जातींसाठी मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तींची योजना सुरू झाली. आरंभी वर्षाला ३ लाख रुपये, पाच वर्षांसाठी. कोणत्या पदवीपासून कोणत्या वर्गाला काय मिळेल, असा रोकडा प्रश्न भारतीय शिक्षणविषयक लेखनात इतक्या स्वच्छपणे क्वचितच विचारला गेला असेल. मध्यमवर्गाच्या दृष्टीने बी. ए. ही पदवी एका ठराविक कुटुंबात, ठराविक ओळखीपाळखीत वसलेल्या तरुणाला कारकुनी किंवा वकिली मिळवून देत असे. ज्याच्यामागे असे कुटुंब नाही त्याला त्याच पदवीपासून तेवढे मिळत नाही. म्हणून त्याला अशी विद्या हवी की जिचे मोल ओळखीवर अवलंबून नाही. गणित व विज्ञान यांची निवड या तर्कातून आलेली आहे.

गणिताला आणखी एक सोय होती. रसायनाला प्रयोगशाळा लागते, वनस्पतिशास्त्राला बाग व संग्रह लागतो. गणिताला फळा, खडू आणि चार चांगली पुस्तके पुरतात. नव्याने निघणाऱ्या, अनुदानाची वाट पाहणाऱ्या महाविद्यालयाला विज्ञान शाखेतील हा सर्वांत स्वस्त विषय. १९५० मध्येच नांदेडला पीपल्स कॉलेज निघाले. १९६० साली औरंगाबादेत देवगिरी महाविद्यालय, १९६३ साली मौलाना आझाद महाविद्यालय निघाले. आणि याआधी, २३ ऑगस्ट १९५८ रोजी, मराठवाडा विद्यापीठाची स्थापना होऊन हैदराबादची वाट कायमची बंद झाली होती. गावोगावी निघालेल्या या महाविद्यालयांना व माध्यमिक शाळांना गणिताचे शिक्षक हवे होते आणि ते पुरेसे नव्हते. १९५८ पासूनची दहा-बारा वर्षे हा मराठवाड्यातील गणिताच्या पदवीधराचा खरा सुकाळ होय. बी. एस्सी. झालेल्या तरुणाला निकालाच्या पाठोपाठ शाळा मिळे, एम. एस्सी. झालेल्याला महाविद्यालय. १९५९ च्या सुमारास अल्प उत्पन्नाच्या पालकांच्या मुलांस फीची सवलत मिळू लागल्याने खर्चाचीही एक बाजू हलकी झाली. फी माफ झाली, पण वसतिगृह व खानावळ यांचा खर्च राहिला. शिवाय जूनच्या पेरणीला आणि माघ-फाल्गुनातल्या ज्वारीच्या काढणीला घरचा एक कर्ता हात कमी झाला, त्याची भरपाई कोणत्याही सवलतीत नव्हती. परीक्षेचा हंगाम आणि रब्बीचा हंगाम यांची गाठ पडते, हे विद्यापीठाच्या वेळापत्रकात कोठे लिहिलेले नसते. शेतकऱ्याच्या मुलाला ते पाठ असते.

या सुकाळातच पुढील दुष्काळाचे बीज होते. गणिताच्या पदवीधराला काम मिळे ते मुख्यतः गणिताचे आणखी पदवीधर तयार करण्याचे. मुंबईत १९५६ नंतरच्या आयुर्विमा महामंडळाची गणनकाराची कामे होती, पुण्यात संख्याशास्त्र होते. फर्ग्युसनमधून गणित घेऊन बाहेर पडलेले पां. वा. सुखात्मे संख्याशास्त्राच्या वाटेने संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व शेती संघटनेपर्यंत पोहोचले. औरंगाबादेत मात्र अशी दुसरी वाट नव्हती. याउलट येथे १९५६ साली सरकारी वैद्यकीय आणि १९६० साली सरकारी अभियांत्रिकी महाविद्यालय निघाले. इंटरला गणितात उत्तम गुण मिळविणारा विद्यार्थी सहजच अभियांत्रिकीकडे वळू लागला. ज्याला तेथे प्रवेश मिळाला नाही किंवा ज्याला तो खर्च झेपला नाही तो गणिताकडे राहिला. यास अपवाद आहेत. याच विद्यापीठाच्या गणित विभागात राहून बा. गो. पाचपट्टे यांनी असमानतांविषयी जे संशोधन केले ते १९९८ मध्ये अकॅडेमिक प्रेस या प्रकाशनसंस्थेने ग्रंथरूपाने काढले. ज्या विषयाला केवळ कागद लागतो त्याचा लाभ दूरच्या नव्या विद्यापीठालाही घेता येतो, हे त्यातून दिसले. परंतु अपवादांवरून बाजारभाव ठरत नाही.

बाजारभाव पाहायचा तर देवळालीच्या द. रा. कापरेकर यांच्याकडे पाहावे. फर्ग्युसनमध्ये असताना १९२७ साली रँग्लर परांजपे यांच्या नावाचे पारितोषिक त्यांनी मिळविले आणि १९३० पासून १९६२ पर्यंत देवळालीच्या शाळेत शिक्षकी केली. ६१७४ या संख्येचा गुणधर्म त्यांनी याच काळात शोधला. मार्टिन गार्डनर यांनी १९७५ मध्ये त्यांच्याविषयी लिहिल्यावर जगाला त्यांचे नाव कळले. तोपर्यंत ते निवृत्त झाले होते आणि अपुऱ्या निवृत्तिवेतनाला शिकवण्यांची जोड देऊन दिवस काढीत होते. कर्व्यांनी १८८४ साली मुंबईत शिकवण्यांनी जेथे आरंभ केला, कापरेकरांचा शेवट तेथे झाला.

मराठवाड्यात सत्तरच्या दशकाच्या आरंभी शिक्षकांच्या जागा भरत आल्या. १९७२ च्या दुष्काळाने ग्रामीण घरांची शिल्लक संपविली. १९७३ पासून महाविद्यालयीन अधिव्याख्यात्याची वेतनश्रेणी ७०० ते १६०० झाली. म्हणजे ज्याला जागा मिळाली त्याची प्राप्ती वाढली आणि ज्याला मिळाली नाही त्याच्यापासूनचे अंतरही वाढले. १९७४ चे मराठवाडा विकास आंदोलन विद्यार्थ्यांनी सुरू केले, वसमत येथे गोळीबार झाला, आणि नोकऱ्या, रेल्वेचे रुंदीकरण व विभागाचा विकास या मागण्या पुढे आल्या. या आंदोलनाच्या नेतृत्वात गोविंदभाई श्रॉफ पुन्हा दिसतात, आता साठीच्या उंबरठ्यापलीकडे. कलकत्त्याहून आणलेल्या गणिताच्या पदवीचा उपयोग त्यांनी पगारासाठी फार काळ केला नव्हता. सिंचन, रस्ते, वीज व शिक्षण यांत मराठवाड्याला किती कमी मिळाले याची आकडेवारी मांडण्यात मात्र त्यांनी पुढली कित्येक वर्षे घालविली. १९८४ मध्ये वि. म. दांडेकर यांच्या समितीने राज्याचा एकूण अनुशेष सुमारे ३,१८७ कोटी आणि त्यातील मराठवाड्याचा सुमारे ७५१ कोटी रुपये ठरविला. ‘अनुशेष’ हा शब्द तेव्हापासून या विभागाच्या राजकीय भाषेत रुळला. तो मुळात हिशेबाचा शब्द आहे. गोविंदभाईंना १९९२ साली पद्मविभूषण मिळाले आणि २००२ मध्ये ते निवर्तले.

दांडेकर समितीच्या तपासणीत सामान्य शिक्षण व तंत्रशिक्षण ही क्षेत्रे होती. पदवीनंतर मिळणाऱ्या कामाचे स्वतंत्र सदर तीत नव्हते. आजच्या पदव्युत्तर विद्यार्थ्यास हे सदर स्वतःच भरावे लागते. शाळेत शिकवायचे तर एम. एस्सी. नंतर बी. एड., आणि ते २०१५ पासून दोन वर्षांचे. वर शिक्षक पात्रता परीक्षा. महाविद्यालयात शिकवायचे तर १९९५ पासून सेट किंवा त्याआधीपासूनची नेट, आणि त्या उत्तीर्ण होऊनही कित्येकदा तासिका तत्त्वावरची नेमणूक, जीत पगार तासांवर मोजला जातो आणि उन्हाळ्याची सुटी बिनपगारी जाते. संगणकाच्या कंपन्यांकडे जायचे तर पुणे. रेल्वे आता रुंदमापी आहे आणि रुपया सर्वत्र एकच चालतो; हाली आणि कलदार यांतील सहाव्या हिश्श्याची जागा पुण्यातील खोलीच्या भाड्याने घेतली आहे.